पोळ्याचा उरलेला रंग

माझी थोरली जाऊ दगूबाई खोटं बोलायची. हे मी तिच्या तोंडावर म्हणत आले, म्हणून तुमच्यासमोर म्हणायला मला लाज नाही. पण तिचं खोटं हलकंसलकं नव्हतं. कोणाची वाटी दाबली, कोणाच्या सुनेची चुगली केली, असल्या कामाला तिनं कधी जीभ वाया घालवली नाही. ती खोटं बोलायची ते फक्त रंगासाठी. आणि देवानं जोडा असा जमवला की तिचे मालक भाईदास, म्हणजे माझे जेठ, आमच्या सगळ्या कळसाडी गावात खरं बोलण्यापायी बदनाम होते. बदनामच म्हणते मी. कापूस विकायला नेला तर व्यापाऱ्याला आधी ओलसर गाठोडं उघडून दाखवायचे. एकदा भाच्याच्या सोयरिकीला गेले आणि पोरीच्या बापाला म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, पन आळशी शे." सोयरीक मोडली. तेव्हापासून त्यांना लोक लग्नात जेवायला बोलवायचे, बोलणी करायला नाही.

आता जेठासमोर आमच्याकडे पदर पुढे ओढायचा आणि थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, नाहीतर मांजरीला. त्यांनीही आपल्याला काही विचारायचं ते छपराकडं बघून. माझे मालक चुनीलाल शहाद्याच्या जिनिंगमध्ये कामाला, घरी यायचे बाजारच्या दिवशी. म्हणजे बाकी सगळे दिवस घरात मी, दगूबाई, जेठ आणि मांजर. आमच्या मांजरीइतकं घरातलं राजकारण कोणाला माहीत नव्हतं.

दगूबाईचं माहेर तापीकाठी, प्रकाशाला. हाताला चित्राची खाज ती तिथूनच घेऊन आली. गेरू, काजळ, कपड्यांची नीळ, हळद, असं जे सापडेल ते घ्यायचं आणि भिंत रंगवायची. चुलीमागं मोर, दाराशी उंट, आणि गोठ्याच्या भिंतीवर आमचा बैल पाखऱ्या. हा पाखऱ्या पांढरा, अंगावर राखाडी ठिपके. जन्मला आणि तिसऱ्या दिवशी त्याची माय मेली. वासरू भांड्यात तोंड घालीना. दगूबाईनं दुधात बोटं बुडवून त्याला चोखायला दिली आणि तसंच जगवलं. त्यामुळे पुढं तो मोठा बैल झाला तरी तिचा हात दिसला की चाटायला यायचा. ती त्याला शिव्या देत देत हात पुढं करायची.

पण भिंतीवरच्या चित्राचं आयुष्य किती? श्रावणापुरतं. कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसायची म्हटलं की आधी सगळं घर चुन्यानं पांढरं करायचं, ही आमची रीत. भाऊबंद रोट खायला येतात, घर कसं लखलखलं पाहिजे. मग दर श्रावणात जेठ स्वतः चुन्याची बादली घेऊन मोर पुसायचे, उंट पुसायचे, पाखऱ्या पुसायचे. देवीचं काम, बोलणार कोण? दगूबाई रोट लाटता लाटता डोळे पुसायची आणि विचारलं तर म्हणायची, चुना डोळ्यात गेला. मला तिचा राग यायचा. एवढं रडायचं तर काढायचं कशाला, असं मी म्हणायची. ती म्हणायची, तुला नाही कळायचं. आणि खरंच, तेव्हा नव्हतं कळलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सालची सारंगखेड्याची यात्रा. सगळं जग घोडे बघायला आणि तंबूतला सिनेमा बघायला जातं. दगूबाई तंबूत शिरलीच नाही. बाहेर एक पेंटर मोठ्या चौकटीवर ताणलेल्या कापडावर हिरोचं तोंड रंगवत होता. तोंड म्हणजे आपल्या दारापेक्षा मोठं. तो हाताएवढा ब्रश घ्यायचा आणि असा ओढायचा की जवळून नुसता चिखल दिसावा, आणि चार पावलं मागं सरकलं की डोळा दिसावा. आमची बाई पुढं मागं, पुढं मागं, करत राहिली. शेवटी तिनं त्याला विचारलं, "याले चुना लाया ते पुसाई का?" तो हसला. म्हणाला, आई, याला भिंतीवरून काढायचं, भिंतीला चुना लावायचा आणि परत टांगायचं.

त्या वाक्यानं माझी जाऊ कामातून गेली.

आधी कापड पाहिजे होतं. सिनेमाच्या तंबूची एक बाजू वाऱ्यानं फाटलेली, राखणदार ती अंगाखाली घालून बसायचा. तो बिचारा कुठून कुठून गावं फिरत आलेला, महिनोन् महिने घरचं जेवण नाही. दगूबाईनं यात्रेतच तीन दगडांची चूल मांडली, वांगी भाजली, आणि भरताचा वास बरोबर त्याच्या नाकाशी जाईल अशी वाऱ्याची बाजू धरून बसली. कळण्याची भाकर, भरीत, वर कच्चा कांदा. तो जेवला, त्याच्या डोळ्यात पाणी आलं, आणि आम्ही गाडीत तंबूचा फाटका पट्टा घालून घरी आलो. जेठांनी विचारलं हे काय. ती म्हणाली, धान्यावर झाकायला. विड्यांनी पडलेली भोकं तिनं कणकेच्या खळीनं चिंध्या चिकटवून बुजवली. तोरणमाळकडच्या बायका बाजाराला धावड्याचा डिंक आणायच्या, तो भिजवून त्यात घरावरची पांढरी माती कालवली आणि कापडाला लेप दिला.

मग चौकट. चौकट म्हणजे चार लाकडं चांगली सांधलेली, कापड ताणलं तर वाकायची नाहीत अशी. असली चौकट घरात एकच होती आणि तिच्यावर जेठ झोपायचे. दगूबाईनं एका सकाळी बाज अंगणात आणून आपटली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "ढेकूण व्हयनात. बठ्ठी बाज भरेल शे." जेठ म्हणाले, मला तर एकही चावला नाही. ती म्हणाली, तुमची कातडी जाड. झालं. बाज उन्हात गेली, उन्हातून कडब्याच्या खोलीत गेली, सुंभ निघालं, पाय निघाले, आणि त्या सुंभानंच तंबूचं कापड तिच्यात ताणून बसलं. जेठ त्या दिवसापासून जमिनीवर झोपायला लागले. बाज कधी येणार, असं ते अधूनमधून विचारायचे, आणि ती म्हणायची, ढेकूण लई चिवट जात.

अळशीचं तेल तिनं गुडघ्याच्या नावावर आणलं. गुडघे तिचे घोड्यासारखे होते. माझ्या मालकांचा दाढीचा ब्रश ज्या दिवशी गेला, त्या दिवशी मी उंदरावर आळ घेतला, कारण तोवर मीही त्या पापात गळ्यापर्यंत होते. पण तो ब्रश म्हणजे लोण्याचा गोळा, तेलात लोळून पडायचा. आणि रंग तर त्याहून अडचणीचा. गेरू-हळद तेलात घोटून लावली की कापडावर वाळायची आणि बोट फिरवलं की हातात यायची. पेंटरच्या डबीतला तो चकचकीत, घट्ट रंग पाहिजे होता, आणि तो कुठून आणणार?

पोळ्याच्या सकाळी उत्तर तिच्या पुढं चालत आलं. गावातले सगळे बैल न्हाऊन माखून उभे, आणि प्रत्येकाच्या शिंगाला रंग. लाल, हिरवा, निळा. घरोघरी बाजारातून आणलेल्या छोट्या डब्या, आणि प्रत्येक डबीत तळाला उरलेला रंग. तो रंग लोक वळचणीला खोचून ठेवतात, पुढच्या पोळ्याला काढतात तेव्हा दगड झालेला असतो, मग नवी डबी आणतात. दगूबाई ओट्यावर उभी राहून शिंगं मोजत नव्हती, डब्या मोजत होती. मला म्हणाली, "प्रमिला, इतला रंग वाया जास. पाप लागस." मी ओळखलं, आता ही खोटं बोलणार.

ती विहिरीवर गेली आणि गुलाबबाईला बाजूला घेतलं. आमच्या गावात दवंडी पिटायची गरज नसे, गुलाबबाईला एखादी गोष्ट शपथ घालून सांगितली की पुरे. दगूबाईनं तिला सांगितलं की पोळ्याचा उरलेला रंग दिवेलागणीनंतर घरात राहिला तर बैल मारका होतो. जमिनीवर ओतायचा नाही, तापीत सोडायचा नाही. ज्याच्या घरी पाखऱ्या, म्हणजे ठिपक्यांचा बैल असेल, त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. ठिपके बाधा खाऊन टाकतात. तिच्या माहेरी सगळे असंच करतात, पण कोणाला सांगू नको हं. आता कळसाडीत ठिपक्यांचा बैल एकाच घरी होता, हे काय सांगायला पाहिजे?

दुपारपर्यंत गाव हललं. दिवे लागायच्या आत आमच्या ओट्यावर डब्यांची रांग. लोक डबी ठेवायचे, पाखऱ्याकडं बघून हात जोडायचे आणि मागं वळून न बघता जायचे. मागं बघू नये, हे दगूबाईनं सांगितलं नव्हतं, ते गावानं आपल्या मनानं घातलं. सगळ्यात खरं मानलं ते जेठांनी. स्वतःच्या घरातली डबीसुद्धा त्यांनी आतून आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, उद्या कुठं दूर नेऊन टाक. ती हो म्हणाली. रंग माझ्या कोठीत ज्वारीखाली गेला.

आता राहिला ब्रश. राठ पाहिजे, लांब पाहिजे, वाकून परत उभा राहायला पाहिजे. पाखऱ्याच्या शेपटीचा गोंडा तसाच होता, पांढराशुभ्र, जमिनीला टेकणारा. ती एकदम कापती तर जेठांना दिसलं असतं. म्हणून रोज आतून थोडे थोडे केस कातरायची, तुरकाठीला दोऱ्यानं घट्ट बांधायची, डिंकात बुडवायची. लालला वेगळा, हिरव्याला वेगळा, निळ्याला वेगळा. पेंटरसुद्धा मागायला यावा असे ब्रश झाले. आणि कडब्याच्या खोलीत, जेठांच्या बाजेवर, पाखऱ्या उभा राहायला लागला. काय ओढायची ती हात. खांद्यापासून हात यायचा. मी कडब्याच्या पेंढीवर बसून डब्या धरायची आणि माझी भाकरी तव्यावर करपायची.

अडचण एकच राहिली, पांढऱ्या रंगाची. शिंगाला पांढरा कोण लावतो? पांढऱ्या बैलाचं चित्र आणि पांढरा रंग नाही. तिनं चुना तेलात घोटला, तो पिवळट झाला. पांढरी माती घोटली, ती मळकी झाली. ती चिडून चिडून बोलायची, आणि बैलावर नाही तर माझ्यावर.

आणि तेवढ्यात पाखऱ्या मारका झाला.

भादव्याचे दिवस होते. आधी त्यानं पाणी पाजताना जेठांचं धोतर फाडलं. मग जू ठेवताना मान अशी फेकली की जेठ उचलून थेट उकिरड्यात. ज्या बैलाच्या पोटाखालून पोरं जायची, त्याच्या दावणीकडं कोणी फिरकेना. जेठ उकिरड्यातून उठले, अंगावरचं झटकलं आणि छपराकडं बघून मला विचारलं, "घरमा रंग शे का?"

जीव गेला तरी जेठाशी खोटं बोलायचं नाही, अशी माझ्या आईची शिकवण. मी पदर पुढं ओढला आणि मांजरीला म्हटलं, तुला दिसतो का गं कुठं रंग? मांजर म्हणाली म्याव. जेठांनी सगळं घर उलथंपालथं केलं, पण भावजयीच्या कोठीला हात कसा लावणार? रंग सापडला नाही, आणि कडब्याच्या पेंढ्यांमागं लपवलेली चौकटही नाही. मग ते म्हणाले, बाधा झाली ती झाली, रंग एक रात्र तरी घरात राहिला असणार. ठिपक्यांनी खाल्ली नाही. आता हा बैल विकायचा.

पाखऱ्याला शहाद्याच्या बाजारात नेलं. गिऱ्हाईक आलं की जेठ आधीच सांगायचे, बैल मारका आहे, मला उकिरड्यात फेकला. कोण घेतो? पण मारका बैल घेणारा एक दलाल प्रत्येक बाजारात असतो, आणि तो बैल कुठं नेतो हे कोणी विचारत नाही. तो म्हणाला, पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी येतो आणि घेऊन जातो. जेठांनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या संध्याकाळी दगूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला खरं सांगितलं.  ती म्हणाली, "ती रीत मी काढेल शे. मन्हा मनमाईन. तसं काही नही व्हस." चित्राचं मात्र तिनं गिळलं, रंग गोळा करायचा होता एवढंच म्हणाली. जेठांनी विचार केला. खरं बोलणाऱ्या माणसाचा विचार फार सरळ चालतो. ते म्हणाले, "तू तवय खोटं बोलनी का आते बोली ऱ्हायनी?"



ते तिला घेऊन लोटनबाबाकडं गेले. लोटनबाबा गावातला सगळ्यात धल्ला माणूस, धल्ला म्हणजे म्हातारा. एखादी रीत आपल्याला माहीत नाही असं कबूल करण्यापेक्षा त्यानं दात काढून दिले असते, पण ते आधीच गेले होते. तो म्हणाला, "मन्हा आजा बी पोळाना रंग घरमा ठेवे नही." तेवढ्यात गुलाबबाई आली. तिला जिनं विहिरीवर सांगितलं ती समोर उभी, तिच्या तोंडावर ही म्हणते, मला माझ्या मायनं लहानपणीच सांगितलं होतं. दगूबाई आ वासून बघत राहिली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. घरी येताना जेठ तिला समजावत होते, की बैलाच्या मायेनं तू आता रीतीला खोटं पाडू नको.

दोन दिवस ती जेवली नाही. माझ्याशी भांडली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. दलाल यायच्या आदल्या दुपारी मला म्हणाली, चल, निदान चित्र तरी पुरं करू. तो गेल्यावर बघायला काही पाहिजे. मी डब्या घेऊन निघाले.

कडब्याच्या खोलीचं दार उघडलं की समोर पाखऱ्या दिसायचा, खांबाला आखूड बांधलेला. चित्रातलं त्याचं तोंड झालं होतं, खांदा झाला होता, पाय झाले होते. ती शेपटीपाशी आली. ब्रश उचलला, बैलाकडं बघितलं, ब्रश खाली केला. परत बघितलं. म्हणाली, "प्रमिला, याले शेपूट कोठे शे?"

मी म्हटलं, तुझ्या हातात आहे.

मी आपली चिडून बोलले होते. पण ती तशीच बघत राहिली, आणि मग मीही बघितलं. पाखऱ्याच्या मांडीवर, पोटाखाली, पाठीवर माशांचा थर. गोंडा गेलेली शेपटी नुसत्या काठीसारखी फिरत होती. शेपटी हलायची, माशी हलायची नाही. मग शिंग हलायचं. दिवसभर, क्षणभर दम नाही. भादव्यातल्या माशा, आणि हाकलायला त्याच्याकडं शिंगांखेरीज काही ठेवलं नव्हतं आम्ही. मारक्या बैलाच्या शिंगाकडं सगळं गाव बघतं. शेपटीकडं कोण बघतो? चित्र काढायला बसली म्हणून दगूबाईनं बघितलं.

तिनं ब्रशाचा दोरा दातानं तोडला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. मी म्हटलं, अगं, चित्र अर्धं राहिलंय. ती म्हणाली, "चित्र अर्धं चाली. बैल अर्धा नही चाली." घासलेटमध्ये केस धुतले तरी लाल ते लालच राहिले आणि हिरवे ते हिरवेच. एका हातानं ती त्याला गूळ चाटवत होती आणि तोंडानं त्याच्या सात पिढ्या काढत होती. मी मागं बसून, जीव मुठीत धरून, शेपटीच्या उरलेल्या केसांत ते झुपके बांधत होते. डिंक, दोरा, गाठ. डिंक, दोरा, गाठ. त्यानं लाथ मारली असती तर ही गोष्ट सांगायला मी नसते. शेवटची गाठ बसली, आणि पाखऱ्यानं शेपटी अशी फिरवली की लाल-हिरवा-निळा फटकारा माझ्या तोंडावर बसला. माशा उडाल्या. त्यानं एक लांब श्वास सोडला. मग मान खाली घालून कडबा खाल्ला.

दगूबाई खोलीत गेली. ब्रश एकही नव्हता. तिनं डब्यांत बोटं बुडवली, तीच बोटं, आणि पाखऱ्याची शेपटी काढली. नंतर पोट, पाठ, सगळं परत हातानं, तळव्यानं, चिंधीनं. आधीचं नीटनेटकं चित्र पार मोडलं तिनं. जवळून बघितलं तर चिखल होता. मी चार पावलं मागं सरकले. बैल येत होता माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी दलाल आला. जेठ काठी घेऊन, लांबून, दावणीकडं गेले. पाखऱ्यानं मान पुढं केली आणि त्यांचा हात चाटला. जेठ जागच्या जागी थांबले. त्यांनी बैलाच्या पुढून बघितलं, मागं गेले, आणि तिथं लाल-हिरवी-निळी शेपटी फिरत होती. ते बराच वेळ ती बघत होते. मग दगूबाईच्या हाताकडं बघितलं. नखांत तेच तीन रंग. तिनं सगळं सांगितलं, केस कातरल्याचं, रंगाचं, चित्राचं. या खेपेला पुरावा वळवळत होता, त्यामुळे विश्वास बसला. जेठ दलालाकडं वळले. शब्द दिलेला, त्यामुळे मान खाली होती, पण बोलले ते खरंच बोलले. म्हणाले, "बैल मारका नही. मारकी मन्ही बायको शे. ती देवानी नही." म्हणजे द्यायची नाही, ना बायको ना बैल.

दलाल गेल्यावर ते कडब्याच्या खोलीत गेले. आम्ही दोघी दाराआड. आधी त्यांनी चौकट ओळखली, हात लावून म्हणाले, "मन्ही बाज." मग चार पावलं मागं सरकले. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना सरकायला.  एवढ्या वर्षांत त्यांनी दगूबाईच्या चित्राला चुन्याशिवाय काही लावलं नव्हतं. ते बघत राहिले आणि म्हणाले, "डोळा बराबर शे. पन याले कावीळ व्हयेल शे का?"

असा माणूस. मला वाटलं मांजर उचलून त्यांच्या अंगावर टाकावी. दगूबाई फणकारली, पांढरा रंग कुठून आणू, बैलाच्या शिंगाला कोणी पांढरा लावतं का? आणि रडत रडत चुलीकडं गेली. जेठांना कळेना की आपलं काय चुकलं. पिवळा होता, म्हणून पिवळा म्हणाले.

वर्ष गेलं. कानबाईला घर पांढरं झालं, भिंतीवरचा मोर गेला, उंट गेला. चित्र जेठांनी स्वतः उचलून बाहेर नेलं, चुना वाळल्यावर परत आणून लावलं. भाऊबंद रोट खाताना त्याच्याकडं बघत होते आणि लोटनबाबा सांगत होता की असली चित्रं पूर्वी घरोघरी असायची.

पोळा आला. वेशीजवळ सगळे बैल जमले. पाखऱ्याची शेपटी गेल्या भादव्यात सगळ्यांनी बघितली होती, त्यामुळे आता निम्म्या गावानं आपल्या बैलांच्या शेपट्या लाल-हिरव्या केल्या होत्या. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. शिंगं रंगवायची बाकी होती. आणि जेठ मधोमध जाऊन उभे राहिले, घसा साफ केला. मी बायकांत उभी होते. त्यांचे कान लाल झालेले मला तिथून दिसले. ते म्हणाले, "औंदा शिंगना टोकले पांढरा रंग लावाना. नही लाया ते बैलले ऊन बाधस."

 कोणीतरी विचारलं, कोण म्हणालं असं?

जेठ जमिनीकडं बघून म्हणाले, "मन्हा आजा सांगे."

त्यांच्या आज्याकडं कधी बैलच नव्हता. पण भाईदास बोलला म्हणजे खरं, यात गावाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. लोटनबाबा पुढं सरसावला, म्हणाला, माझा आजाही लावायचा, मी या डोळ्यांनी पाहिलंय. पोळ्याला बैल जुंपायचा नसतो, म्हणून लोक सायकली दामटत शहाद्याला पळाले. दगूबाईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी वाढवली माझी. 

दिवेलागणीला ओट्यावर पांढऱ्या डब्यांना जागा पुरेना. निम्म्या तर जेमतेम उघडलेल्या, कारण टोकाला लागतो केवढा? लोक ठेवत होते, पाखऱ्याला हात जोडत होते, मागं न बघता जात होते. दगूबाई त्या डब्यांमध्ये बसली होती. एकीचं झाकण काढून तिनं बोट बुडवलं आणि नुसतं बघत राहिली.

जेठ अंगणात अंथरूण टाकत होते, नेहमीसारखं जमिनीवर. ती त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, चित्र काढून घेते, कापड दुसरीकडं ताणीन, तुमची बाज तुम्हाला सोडून देते.

जेठांनी चादर झटकली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तीमा ढेकूण शेतस."